मळणी आणि आपले हात

गहू कापून झाला होता. खळ्यावर पेंढ्यांची गंजी लागली होती. आभाळ भरून आले होते. तात्यांनी भाड्याने मळणी यंत्र आणले. रात्र झाली तरी काम चालूच होते.

धाकटा भाऊ यंत्रात पेंढ्या सारत होता. एक पेंढी अडकली. तो ती हाताने रेटणार, इतक्यात वहिनी ओरडल्या, "भावजी, हात मागं घ्या! आधी मशीन बंद करा!"

तात्या म्हणाले, "अगं, पाऊस आला तर गहू भिजंल."

"भिजलेला गहू वाळवता येतो. तुटलेला हात परत येतो का? माझ्या माहेरी शेजारच्या पोराची चार बोटं अशीच गेली. आता त्याला धड खुरपं धरता येत नाही."

तात्यांनी यंत्र बंद केले. गंजीवर ताडपत्री टाकली.

हात कसा जातो? यंत्रातला ड्रम मिनिटाला शेकडो फेरे घेतो. तो पेंढी झटक्याने ओढतो. पेंढीबरोबर हातही आत जातो. सोडायला वेळच मिळत नाही.

म्हणून पेंढी सारायचा पत्रा लांब हवा. भारतीय मानकाप्रमाणे तो निदान ९० सेंटिमीटर लांब असावा. त्यातला ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. म्हणजे पत्रा दोन हात लांब, आणि त्यातला एक हात झाकलेला. १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. त्यात मळणी यंत्रही येते.

सकाळी तात्यांनी पत्रा मोजला. तो एकच हात भरला, वर झाकणही नव्हते. तात्या गप्प झाले. मग यंत्रवाल्याला म्हणाले, "पत्रा नीट करून आण. मगच मळणी."

ध्यानात ठेवा :

१. यंत्र बंद करून, ड्रम पुरता थांबल्यावरच अडकलेली पेंढी काढा.
२. सैल बाही, पदर, उपरणे आवरून घ्या. हातात कडे, बांगड्या नकोत.
३. दमलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाने यंत्रापाशी उभे राहू नये.
४. चालत्या पट्ट्याजवळ मुलांना येऊ देऊ नका.

एवढे करूनही बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा. हात वर धरा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका. १०८ नंबरला फोन करून लगेच दवाखाना गाठा.

तुमच्या गावातल्या यंत्राचा पत्रा किती हात आहे? आज मोजून या.