सीएमएमचं बिल कशाने फुगतं?

सीएमएमवर (कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन) जॉब तपासून घ्यायचा असेल, तर लॅबला फोनवर आधी एवढं विचारा: अलाइनमेंट आणि प्रोग्रॅमिंगचे पैसे वेगळे की तासातच धरलेले? नुसता तासाचा दर विचारून भिवंडीहून टेम्पो काशेलीच्या पुलावरून वागळे इस्टेटला धाडला, की बिलात सेटिंग, रिपोर्ट अशा एकेक ओळी वाढत जातात. वर 18 टक्के जीएसटी.

जॉब टेबलावर कसा ठेवलाय हे मशीनला आपोआप कळत नाही. ड्रॉइंगवरच्या ए, बी, सी डेटमवर, म्हणजे मापं जिथून धरायची त्या संदर्भ बाजूंवर, प्रोब टेकवून ते सांगावं लागतं: मोठ्या फेसवर किमान तीन पॉइंट, लांब कडेवर दोन, तिसऱ्या बाजूला एक. हीच अलाइनमेंटची 3-2-1 पद्धत. इथे घाई झाली की चांगला जॉब रिजेक्ट होतो. कडेवरचे दोन पॉइंट एकमेकांपासून 20 मिमीवर घेतले आणि एकाखाली 0.01 मिमीची बर (कडेवर उरलेली धातूची कोर) राहिली, तर 200 मिमी लांबचं होल 0.1 मिमी सरकलेलं दिसतं. होल जागेवरच असतं, तिरका असतो तो अक्ष. म्हणून कडेची दोन टोकं पकडायला सांगा आणि बर आपल्याच वर्कशॉपमध्ये काढा. लॅबमध्ये कानस फिरवायचेही तासाचेच पैसे लागतात.

आता हिशेब. सोयीसाठी तासाला 1,000 रुपये धरू, प्लेट 50. प्रत्येक प्लेट हाताने अलाइन करायला 8 मिनिटं लागली, तर 400 मिनिटं, म्हणजे नुसत्या अलाइनमेंटचे सुमारे 6,700 रुपये. तीन स्टॉपर लावलेलं साधं फिक्श्चर दिलंत, तर पहिल्या सेटिंगला अर्धा तास. पुढे प्रोग्रॅम डेटमचे पॉइंट स्वतः घेतो, प्लेटमागे 2 मिनिटं धरा. एकूण 2,200च्या आत. मात्र फिक्श्चर आहे म्हणून प्रत्येक प्लेटचे डेटम पुन्हा घेणं टाळू देऊ नका. दोन-चारच नग असतील, तर फिक्श्चरचा खर्च करूच नका.

मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश. मे महिन्यात टेम्पोतून उतरलेली 35 अंशांची, 200 मिमी लांबीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट सुमारे 0.07 मिमी वाढलेली असते. जॉब आदल्या दिवशीच लॅबमध्ये ठेवा.

एनएबीएल मान्यतेचा रिपोर्ट ग्राहकाने मागितला तरच घ्या; स्वतःच्या पहिल्या नगासाठी साधा पुरतो. पण कोणत्याही रिपोर्टवर डेटम कोणते आणि पॉइंट किती हे लिहून घ्या, नाहीतर वाद झाला की त्या कागदाचा उपयोग नाही. आणि ड्रॉइंगवर डेटमच दिलेले नसतील, तर टेम्पो भरण्याआधी ग्राहकाकडून ते लेखी मागवा.