ग्रुपवरची चर्चा आणि पारावरची चर्चा

आजचे युग माहिती-तंत्रज्ञानाचे आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. पण त्यामुळे तरुणांची राजकीय चर्चा सुधारली का? हा प्रश्न मला पडला तो होस्टेलच्या खोलीत.

मी हिंगोली जिल्ह्यातला. गावी पारावर राजकारण निघाले की आवाज चढतो. पण समोरचा माणूस दिसत असतो, उद्या त्याचाच ट्रॅक्टर मागायचा असतो. म्हणून जीभ आवरली जाते.

आरक्षणाचा प्रश्न तापला तेव्हा २६ नोव्हेंबर २०२३ ला हिंगोलीत ओबीसींची सभा झाली आणि ६ जुलै २०२४ ला मनोज जरांगे यांची शांतता रॅलीही हिंगोलीतूनच निघाली. दोन्हीकडचे मेसेज आमच्या विंगच्या ग्रुपवर! माझा रूम पार्टनर दुसऱ्या बाजूचा. मी चार फॉरवर्ड टाकले, त्याने पाच. त्यातले एक वाक्यही आमचे स्वतःचे नव्हते. पुढचे आठ दिवस एका खोलीत आम्ही मुक्याने काढले.

असे का होते? साधे गणित बघा. एकाने पाच जणांना, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना पाठवले, तर पाचव्या टप्प्याला ३१२५ जण होतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळविणाऱ्यांच्या अफवेतून पाच निरपराध माणसे मारली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो. खरे-खोटे मात्र आपणच बघायचे असते.

मग मोबाईल वाईटच का? तसेही नाही. नवव्या दिवशी आम्ही त्याच मोबाईलवर फेब्रुवारी २०२४ चा कायदा उघडून वाचला. त्यातले मराठा समाजाचे १० टक्के आरक्षण ओबीसींच्या कोट्यातून नव्हे, वेगळे आहे. खरा वाद कुणबी प्रमाणपत्र देऊन ओबीसीत घेण्याचा. नऊ फॉरवर्डपैकी एकातही हा फरक सांगितलेला नव्हता! आमचे एकमत झाले नाही, पण मतभेद नेमका कुठे आहे ते कळले. चहाला सोबत गेलो.

मित्रांनो, सोशल मीडिया माहिती आणून देतो. चर्चा आपल्यालाच करावी लागते. फॉरवर्ड करण्याआधी मूळ कागद वाचा, आणि जे समोर बसून बोलवणार नाही ते ग्रुपवरही टाकू नका.