अंगावरून पांढरं जातंय? आधी नीट पाहा

दिवस गेल्यावर अंगावरून पांढरं जाणं वाढतं आणि अनेकजणी ते महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाहीत. तपासणीला बीपी होतं, वजन होतं, सोनोग्राफी होते. ही एक गोष्ट मात्र ओठांवर येत नाही. घरात सांगावं, तर ‘त्यानं हाडं झिजतात’ असं ऐकावं लागतं. हे खरं नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, योनीकडे रक्तपुरवठा वाढतो, म्हणून स्रावही वाढतो. तो जंतूंना वर गर्भाशयाकडे जाऊ देत नाही. हाडांतलं त्यात काही जात नाही. फार थकवा वाटत असेल तर त्याचं कारण वेगळं असू शकतं, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

स्राव वाढणं नेहमीचं, पण त्यात बिघाडही असू शकतो, म्हणून पहिली पायरी पाहण्याची. आतले कपडे सुती आणि फिक्या रंगाचे वापरा आणि कपडे बदलताना रोज एकदा नजर टाका. स्राव पातळ, पांढरा किंवा दुधासारखा आहे, वास अगदी सौम्य आहे, खाज-जळजळ नाही, तर तो नेहमीचा आहे. दिवस भरत येतात तसा तो आणखी वाढतो. स्वतःचं रोजचं कसं असतं हे एकदा लक्षात आलं की बदल झालेला लगेच कळतो.

त्या जागेची स्वच्छता साध्या पाण्यानं करा, तीही बाहेरूनच. डेटॉल, सुगंधी साबण, जाहिरातीतले ‘इंटिमेट वॉश’ नकोत. आत पाणी मारून धुणं तर मुळीच नको, कारण त्यानं आतले चांगले जंतू जातात आणि संसर्गाला वाट मिळते. शौचानंतर पुढून मागे धुवा. ओलावा जास्त वाटला तर बिनवासाचं पॅड किंवा उन्हात वाळवलेलं स्वच्छ सुती कापड वापरा आणि ते वेळेवर बदला.

आता बिघाडाच्या खुणा. दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट पांढरा स्राव आणि जोडीला खूप खाज, लघवीला जळजळ, हे बहुधा बुरशीचं लक्षण. गरोदरपणात ते वरचेवर दिसतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासायला सांगा. राखाडी, पातळ स्राव आणि संबंधानंतर वाढणारा मासळीसारखा वास, हे जंतूंचं संतुलन बिघडल्याचं लक्षण. याचा संबंध वेळेआधीच्या प्रसूतीशी आढळला आहे, म्हणून ‘नुसता वासच तर आहे’ म्हणून सोडू नका. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव असेल तर लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असू शकतो. तेव्हा नवऱ्यानंही औषध घ्यायला हवं, नाहीतर संसर्ग परत येतो. हे नवऱ्याशी बोलणं अवघड जात असेल तर डॉक्टरांनाच त्याच्याशी बोलायला सांगा.

या तिन्हींवर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. पण कोणतं, हे तपासणीनंतरच ठरतं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. बुरशीवर सर्रास दिली जाणारी फ्लुकोनाझोलची गोळी गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टाळतात. त्याऐवजी योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलसारखी औषधं देतात. खाज थांबली तरी ठरलेले दिवस पूर्ण करा.

खरी घाई आहे ती पाण्याच्या बाबतीत. पाणमोट फुटली की नेहमी धो धो पाणी येतं असं नाही. कधी ते थेंबथेंब गळतं आणि बाईला वाटतं, लघवीच झाली. शंका आली तर लघवी करून या, कोरडं पांढरं पॅड लावा आणि अर्धा-एक तास आडव्या पडा. उठल्यावर पॅड पाण्यासारखं ओलं असेल, लघवीचा वास नसेल, गळणं थांबत नसेल, तर वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यात निघा. पॅड कोरडं निघालं, पण मनातली शंका गेली नाही, तरीही जा. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी पाणी गेलं, किंवा पाणी हिरवट-तपकिरी दिसलं, तर पॅड लावून पाहण्यातही वेळ घालवू नका. बोट आत घालून पाहू नका, संबंध ठेवू नका.

रक्ताचंही तसंच. दिवस भरल्यावर गुलाबी झाक असलेला, जेलीसारखा चिकट स्राव गेला तर गर्भाशयाच्या मुखाचं बूच सुटलेलं असतं. कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी. हेच सदतीस आठवड्यांआधी झालं, तर डॉक्टरांना लगेच कळवा. लाल रक्त मात्र कोणत्याही महिन्यात, दुखत नसलं तरी, त्याच दिवशी दाखवायचं. वार खाली असेल तर न दुखताही मोठा रक्तस्राव होतो. रक्त पाळीसारखं जात असेल, ताप असेल, पोट घट्ट होत असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते, गरोदर बाईसाठी १०२ चीही सोय आहे. आशाताईंचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. निघताना तपासणीची फाइल घ्या आणि भिजलेलं पॅड पिशवीत घालून सोबत न्या. रंग आणि वास डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहता आला, तर निदान लवकर होतं.