गाडी निजवायची तर नीट निजव

तू आणि सूनबाई दिवाळी झाली की लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालात. सहा महिने घर बंद. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावतो, वर ताडपत्री टाकतो, असं परवा म्हणालास, म्हणून चार गोष्टी सांगतो. माझ्या उस्तादांनी अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटच्या काळात शिकवलेल्या आहेत. काही आजच्या गाड्यांना लागू नाहीत, त्या गाळून सांगतोय.

जालन्यात माणसाला वाटतं, इथं कसली आलीय ओल! वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, बाकी ऊन आणि धूळ. पण उभ्या गाडीला ओलच खाते. थंडीत पहाटे पत्र्याखाली जाऊन बघ, आतून थेंब गळत असतात. ताडपत्री टाकलीस तर ती ओल आत कोंडते आणि रंगाला फुगे येतात. सुती, हवा खेळेल असं कव्हर घाल आणि ते खालून घट्ट बांध. सैल राहिलं तर वाऱ्यावर फडफडतं आणि खालची धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर फिरते. म्हणून आधी गाडी स्वच्छ धू, चाकांच्या आतला चिखलसुद्धा काढ, मग दहा-पंधरा किलोमीटर फिरवून ब्रेक कोरडे कर. गोठ्याच्या भिंतीला लावू नकोस. शेणामुताचा वास रबराला आणि रंगाला बाधतो.

हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिकीट पुढं ढकललंत आणि मृग लागला तर मागचे ब्रेक शू ड्रमला धरतात. अशा गाड्या मी पुष्कळ खोलल्यात. गाडी जोर लावून हलवली की आतून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि ड्रम काढला की शूवरचं लायनर सोलून ड्रमलाच चिकटलेलं दिसतं. पहिल्या गिअरमध्ये ठेव, चाकाला पुढून-मागून दगड लाव, बस्स.

आता इंजिन. ऑइल बदलायचं ते जाण्याआधी, आल्यावर नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी साठलेलं असतं, ते सहा महिने बेअरिंगवर बसू द्यायचं नाही. टाकी भरून ठेव. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत हवा जितकी कमी तितकं पाणी कमी. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

शेजारच्या पोराला किल्ली देऊन ‘आठवड्याला दोन मिनिटं चालू करत जा’ असं अजिबात सांगू नकोस. सगळे हेच करतात आणि ह्यानंच गाडी बिघडते. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. दोन मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, ते पाणी आतच बसतं आणि सायलेन्सर आतून कुजतो. स्टार्टरनं खाल्लेली बॅटरीही तेवढ्यात भरून निघत नाही. फिरवायची तर अर्धा तास रस्त्यावर फिरवावी, नाहीतर हात लावू नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर दहाच्या पान्यानं सोड. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरी घरात सावलीला ठेव. महिन्याला एकदा मी चार्ज करीन, १२.४ व्होल्टच्या खाली गेलेली मला चालत नाही.

उंदरांचं मात्र मनावर घे. आपल्याकडं दिवाळीनंतर घराघरांत कापूस येतो, आणि उंदराला बोनेटखालची ऊब आणि कापूस दोन्ही मिळालं की तो हलत नाही. एअर फिल्टरचा डबा उघडावा तर आत बोंडातल्या कापसाचं मऊ घरटं, कडेला सरकीची टरफलं आणि शेजारी कुरतडलेली वायर! एका वायरिंगचा खर्च ऐकशील तर झोप उडेल. कापसापासून आणि कडब्याच्या गंजीपासून गाडी लांब लाव. आत बिस्किटाचा चुरासुद्धा नको. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला बारीक लोखंडी जाळी बांध, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी लटकव: ‘जाळ्या काढल्याशिवाय चालू करू नये.’

विमा चालू ठेव. संपून ९० दिवस उलटले तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो. पीयूसीची तारीखही बघून घे.

टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सहा पौंड हवा जास्त भर. पंधरा दिवसांनी मी येऊन गाडी हातभर पुढं-मागं ढकलीन, म्हणजे एकाच जागी दाब राहणार नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर तो २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. तुझे टायर जुने असतील तर आल्यावर लगेच समृद्धी महामार्गावर चढू नकोस. तिथं १२० ची मुभा आहे, मे महिन्याचं सिमेंट तव्यासारखं तापलेलं असतं, आणि उभ्यानं वाळलेला टायर तिथंच फुटतो. आधी हवा नेहमीइतकी कर, ऑइल आणि कूलंट बघ, मग बदनापूरपर्यंत जुन्या रस्त्यानं सावकाश जाऊन ये. सुरुवातीला चाक थडथडेल. टायर तापल्यावर थडथड गेली तर ठीक. परत येईपर्यंत राहिली तर टायर बदलायला टाक.