घरातील ध्वनिमुद्रण : यंत्र की संगणक?

प्रस्तावना

घरात कोणी गात असेल, तर तो आवाज जपून ठेवावा असे प्रत्येकाला वाटते. पूर्वी त्यासाठी ध्वनिमुद्रण केंद्रात जावे लागे आणि तासाप्रमाणे भाडे मोजावे लागे. आज हे काम घरातील एखाद्या खोलीतही होऊ शकते. मात्र साधने घेण्याची वेळ आली, की प्रश्न उभा राहतो : स्वतंत्र यंत्रे घ्यावीत, की संगणकावर सॉफ्टवेअर बसवून काम भागवावे? या पाठात आपण या दोन मार्गांची तुलना करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• यंत्राधारित व संगणकाधारित ध्वनिमुद्रणातील फरक स्पष्ट करू शकाल;
• कामाच्या गरजेनुसार साधनांची निवड करू शकाल;
• खोलीचा ध्वनीवर होणारा परिणाम सांगू शकाल.

मूळ पाठ

१. हेब्बाळमधील एक घर

हेब्बाळ हा बेंगळूरूच्या उत्तरेकडील भाग. येथील तलाव जुना आहे. परंतु आज हेब्बाळ म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो उड्डाणपूल. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला आणि तिकडे जाणारी वाहतूक याच पुलाजवळून, बळ्ळारी रस्त्याने वाहू लागली.

समजा, या रस्त्याजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. घरातील आजी मूळच्या साताऱ्याकडच्या. जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना मुखोद्गत आहेत. आता घरात जाते नाही, पीठ पिशवीतून येते. त्यामुळे ओव्या म्हणण्याचे निमित्तही उरलेले नाही. आजींचे वय झाले आहे. त्यांच्या ओव्या मुद्रित करून ठेवाव्यात, असे नातीला वाटते. नातवाला संगीतरचनेची आवड आहे. तबला, बासरी, कीबोर्ड असे थर एकावर एक रचून त्याला नव्या चाली बांधायच्या आहेत. दोघांनी मिळून साठवलेली रक्कम मात्र एकच आहे आणि ती थोडी आहे. ती कशावर खर्च करावी?

२. यंत्रांचा मार्ग

घरगुती ध्वनिमुद्रणाची सुरुवात यंत्रांपासूनच झाली. १९७९ मध्ये टास्कॅम या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार वेगवेगळे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करण्याची सोय त्यात होती. चार ट्रॅक संपले, की पुढे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे कलावंताला ठरवावे लागे.

मर्यादेतूनही नवे काही घडते, याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना तिचे नवल वाटले.

आजचा हातात मावणारा ध्वनिमुद्रक हा याच परंपरेतील आहे. माइक, मुद्रण आणि साठवण यांची सोय एकाच यंत्रात असते. कळ दाबली, की काम सुरू होते. समोर पडदा नसल्यामुळे गाणाऱ्याचे लक्ष विचलित होत नाही. उणीव एवढीच, की मुद्रित झालेल्या ध्वनीत बारीक दुरुस्ती करण्यास येथे फारसा वाव नसतो.

३. संगणकाचा मार्ग

संगणकाने ट्रॅकच्या संख्येचे बंधन जवळजवळ नाहीसे केले. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने अशी पद्धत आणली, की ध्वनिपरिणाम सॉफ्टवेअरच्या रूपाने संगणकात जोडता येऊ लागले. २००० मध्ये ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध झाले. चुकलेला भाग कापणे, दोन मुद्रणे जुळवणे, आवाजाची पातळी कमीजास्त करणे ही कामे त्यामुळे घरबसल्या शक्य झाली.

माइकमधील विद्युत्संकेताचे अंकांत रूपांतर करण्यासाठी संगणकाला ‘ऑडिओ इंटरफेस’ हे छोटे उपकरण जोडतात. येथे विलंबाचा प्रश्न येतो. संगणक ध्वनीचे नमुने थोडे थोडे साठवून मग त्यांवर काम करतो. दर सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि एका वेळी १२८ नमुने साठवले, तर त्या साठवणीपुरता विलंब सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. एक मीटर अंतरावरचा आवाज कानापर्यंत येण्यास लागतो, जवळपास तेवढाच हा वेळ. म्हणून तो जाणवत नाही. मात्र १,०२४ नमुने साठवले, तर विलंब सुमारे २१ मिलिसेकंद होतो. हेडफोनमधून स्वतःचा आवाज असा उशिरा ऐकू आला, तर गाणारा तालात चुकतो.

४. दोन्ही मार्गांआधी खोली

साधन कोणतेही घेतले, तरी माइकला खोलीतील सर्व काही ऐकू येते. गुळगुळीत भिंती आणि फरशी आवाज परतवतात. खोलीत एक टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर आवाज घुमत राहिला, तर तोच घुमारा गाण्यातही उतरेल. त्यासाठी महागडे फलक लावलेच पाहिजेत असे नाही. जाड पडदे, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या यांनीही बराच फरक पडतो. पंखा बंद ठेवावा. बेंगळूरूच्या हवेत पहाटे तो सहज बंद ठेवता येतो. रस्त्यावरील वर्दळही त्या वेळी कमी असते.

आजची सॉफ्टवेअर गोंगाट पुष्कळ कमी करतात. परंतु त्याबरोबर आवाजाचा पोतही थोडा हरवतो. जो गोंगाट मुळातच टाळता येतो, तो नंतर पुसत बसू नये.

५. निवड कशी करावी?

आता पुन्हा त्या घराकडे वळू. ओव्यांसाठी एकच आवाज पुरतो. तेथे थर नाहीत, वाद्यमेळ नाही. आजी माइकसमोर अवघडून बसल्या, तर ओवी आठवणारच नाही; म्हणून साधे, न दिसेल असे साधन हवे. नातवाला मात्र अनेक ट्रॅक हवेत, म्हणजे सॉफ्टवेअर हवे. दोघांच्याही गरजा खऱ्या आहेत. पण नातवाची चाल पुढच्या वर्षीही बांधता येईल. आजींच्या आवाजाचे तसे नाही.

म्हणून त्यांनी पहिला खर्च ध्वनिमुद्रकावर करावा. असे अनेक ध्वनिमुद्रक तारेने संगणकाला जोडून माइक म्हणूनही वापरता येतात. घरातील जुन्या संगणकावर विनामूल्य सॉफ्टवेअर बसवले, की नातवालाही सुरुवात करता येईल. एक ट्रॅक ४८,००० नमुने व २४ बिट या दर्जाने मुद्रित केला, तर तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. प्रत्येक मुद्रणाच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.

ओव्यांचे असे जतन किती मोलाचे असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांचे शब्द कागदावर उतरवले गेले. परंतु चाल, मध्येच घेतलेला श्वास आणि दोन बायांचे एकमेकींना साथ देणे कागदावर उतरत नाही. ते जपण्यासाठी बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही करण्यात आले.

तेव्हा, यंत्र श्रेष्ठ की संगणक, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा : आपल्याला काय जपायचे आहे आणि त्यासाठी किती वेळ हाती आहे? त्याचे उत्तर मिळाले, की साधनाची निवड अवघड राहत नाही.

पाठगत प्रश्न

१. पोर्टास्टुडिओवर एका कॅसेटवर किती ट्रॅक मुद्रित करता येत?
२. ऑडिओ इंटरफेसचे कार्य कोणते?
३. पहिला खर्च ध्वनिमुद्रकावर करावा, असे लेखात का म्हटले आहे?

तुम्ही काय शिकलात?

• यंत्र वापरायला सोपे असते. संगणक दुरुस्तीला व अनेक थरांच्या रचनेला सोयीचा असतो.
• साधनांइतकाच खोलीचाही ध्वनीवर परिणाम होतो.
• साधनाची निवड कामाच्या गरजेवरून करावी.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एखादे गाणे, ओवी किंवा गोष्ट मोबाइलवर मुद्रित करा. खोलीत कोणते बदल केले आणि त्यांचा आवाजावर काय परिणाम झाला, हे दहा ओळींत लिहा.
२. ‘मर्यादेतूनही नवे काही घडते’ हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.