नेत्रजल आणि त्यांतील संदेशवाहक द्रव्यें

अंधांसाठीं उठावाच्या टिंबांची लिपि तयार करणाऱ्या लुई ब्रेलचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु तो जन्मांध नव्हता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८१२ सालीं, वयाच्या तिसऱ्या वर्षीं, बापाच्या दुकानांत चामड्याच्या कामाच्या हत्याराशीं खेळतांना तें त्याच्या एका डोळ्यांत घुसलें. तो डोळा तर गेलाच. पण पुढें पांचव्या वर्षाच्या सुमारास दुसराही गेला. ज्या डोळ्यास साधा ओरखडाही लागला नव्हता, तो कां जावा? जखमी डोळ्यांतील द्रव्यें शरीराच्या रक्षक पेशींस परकीं वाटलीं आणि त्यांनीं निर्दोष डोळ्यावरही हल्ला चढविला असावा, असा आज अनेक नेत्रवैद्यांचा तर्क आहे. रक्षकच भक्षक कसा होतो, हें समजण्यास प्रथम डोळ्यांतील पाण्याची ओळख करून घेतली पाहिजे.

हें पाणी म्हणजे अश्रु नव्हेत. बुबुळावरील पारदर्शक पडदा आणि रंगीत कनीनिका ह्यांच्यामध्यें एक लहानसा कप्पा आहे. त्यांत सुमारें पाव मिलिलिटर, म्हणजे चारपांच थेंब, नेत्रजल असतें. तें सतत आंत झरतें व बाहेर जातें. सुमारें शंभर मिनिटांत सगळें पाणी पालटतें. तें इतकें निर्मळ असण्याचें कारण असें कीं, रक्तांतील प्रथिनांचा शंभरावा हिस्साही त्यांत उतरूं दिला जात नाहीं. ही चाळणी रक्तवाहिन्यांच्या व पेशींच्या घट्ट सांध्यांची बनलेली असते.

शिवाय ह्या कप्प्याला शांततेची एक सनदच आहे म्हणाना! १९४८ सालीं पीटर मेडावर ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशाच्या डोळ्याच्या ह्या कप्प्यांत दुसऱ्या सशाची त्वचा बसविली होती. अन्यत्र जी त्वचा शरीरानें नष्ट केली असती, ती येथें टिकूं शकली. नेत्रजलांत टी.जी.एफ.-बीटासारखीं द्रव्यें असतात. तीं रक्षक पेशींना जणूं ‘हळू’ असें बजावीत असतात, हें पुढील संशोधनानें दाखविलें.

अशा द्रव्यांस सायटोकाइन म्हणतात. एका पेशीनें दुसरीस धाडलेल्या ह्या चिठ्ठ्या होत. डोळ्याच्या मधल्या पटलास दाह झाला, म्हणजे युव्हायटिस हा विकार जडला, कीं चिठ्ठ्यांचा मजकूर पालटतो. इंटरल्यूकिन-६, टी.एन.एफ.-आल्फा, इंटरफेरॉन-गॅमा हीं द्रव्यें वाढतात. रक्तवाहिन्यांचे सांधे ढिले पडतात आणि प्रथिनें व पांढऱ्या पेशी पाण्यांत शिरतात. माजघरांत झरोक्यांतून कवडसा पडला म्हणजे त्यांत धुळीचे कण तरंगतांना दिसतात ना? अगदीं तसेंच दृश्य वैद्यास दिसतें. स्वीडनच्या गुलस्ट्रँड ह्यांनीं १९११ सालीं दाखविलेल्या चिरदीपानें प्रकाशाची बारीक पट्टी डोळ्यांत सोडली असतां, निरोगी पाण्यांत पट्टी अदृश्य राहते. दाह असतां ती धुरकट दिसते व तींत पेशी तरंगतात.

मात्र चिठ्ठ्या वाचावयाच्या तर पाणीच काढावें लागतें. बारीक सुईनें मिलिलिटरचा एखादा दशांश काढतात. त्यांतील द्रव्याचें माप पिकोग्रॅममध्यें होतें: एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग करा, त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा लक्ष करा, असा तो एक कण! हा खटाटोप व्यर्थ नाहीं. वृद्धपणीं कधीं कधीं डोळ्यांतील एक कर्करोग दाहाचें सोंग घेतो. त्यांत बहुधा इंटरल्यूकिन-१० हें ६ पेक्षां अधिक आढळतें; खऱ्या दाहांत बहुधा उलट. दोहोंचें प्रमाण पाहून वैद्य सावध होतो, तरी निर्णयासाठीं पेशींचीही परीक्षा करावी लागते. केवळ इंटरल्यूकिन-६ वाढलें म्हणून रोगाचें मूळ कळत नाहीं, कारण तें अनेक दाहांत वाढतें. ह्या ज्ञानाचा उपचारासही लाभ झाला. टी.एन.एफ.-आल्फाला अडविणारें अ‍ॅडालिमुमॅब हें औषध जंतूंवांचून होणाऱ्या कांहीं युव्हायटिसांसाठीं अमेरिकेंत २०१६ सालीं मान्य झालें.

आतां दोन शब्द पालकांसाठीं. डोळे येणें आणि हा विकार एक नव्हेत. डोळे आले म्हणजे बहुधा चिपडें येतात व खाज सुटते. युव्हायटिसमध्यें चिपडें येत नाहींत. पण डोळा आंतून ठणकतो, उजेड सोसवत नाहीं, दृष्टि अंधुक होते आणि बुबुळाभोंवतीं लाली दाटते. अशा वेळीं घरांत उरलेले स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनानें घालूं नयेत. तेंच औषध वैद्याच्या हातीं डोळा वाचवितें. परंतु मूळ कारण विषाणु असेल तर तें रोगास बळ देतें, आणि फार दिवस घातल्यास डोळ्यांतील दाब वाढवूं शकतें. उलट, उपचारास विलंब झाला तर कनीनिका मागील भिंगास चिकटते व पुढें मोतीबिंदु किंवा काचबिंदु होऊं शकतो.

एक प्रकार मात्र ह्याहून फसवा आहे. ज्या लहान मुलांचे गुडघे वा इतर सांधे दीर्घकाळ सुजतात, त्यांतील कांहींच्या डोळ्यांत असाच दाह चालू असतो. पण डोळा लाल होत नाहीं, दुखत नाहीं, आणि मूलही तक्रार करीत नाहीं. म्हणून अशा मुलास डोळे स्वच्छ दिसत असतांही दर कांहीं महिन्यांनीं चिरदीपापुढें बसवावें लागतें.