यात्रेनें रान वाचतें काय?

सृष्टिरक्षणासाठीं शेंकडों मैल सायकलींवरून जाणाऱ्या तरुणांची हकीकत वाचून आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, पायडल मारल्यानें रान कसें वाचतें?" प्रश्न रास्त आहे, आणि आमचा शाहूवाडी तालुका रानाच्या कुशींतच वसलेला असल्यामुळें त्याचें उत्तर पालकांनींही ऐकावें असें आम्हांस वाटतें.

इ. स. 1985 च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांच्या भारत जोडो यात्रेंतील तरुण कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले आणि सुमारें पांच हजार किलोमीटर तुडवून काश्मिरांत पोंचले. पाठीच्या कण्याच्या विकारामुळें बाबांना बसवत नसे. ते गाडींत पडून बरोबर असत. त्या यात्रेचा हेतु राष्ट्रीय ऐक्य हा होता. परंतु पुढें दोनच वर्षांनीं सह्याद्रीसाठींही यात्रा निघाली, ती मात्र पायीं. 1 नोव्हेंबर 1987 रोजीं एक तुकडी उत्तरेस नवापुराहून व दुसरी दक्षिणेस कन्याकुमारीहून चालूं लागली. डोंगरांतील वस्त्यांची विचारपूस करीत, तुटलेलीं रानें डोळ्यांनीं पाहत, सुमारें शंभर दिवसांनीं दोन्ही तुकड्या गोव्यांत फोंड्याजवळ एकमेकींस भेटल्या.

मग रान वाचलें काय? दुसऱ्या दिवशीं तरी नाहीं. कुऱ्हाड कांहीं पदयात्रा पाहून थांबत नसते. परंतु त्या चालण्यानें माणसें जोडलीं गेलीं. 2010 च्या फेब्रुवारींत निलगिरींतील कोटागिरी येथें पश्चिम घाट बचाव चळवळीचें संमेलन भरलें. केंद्रीय पर्यावरणमंत्री तेथें आले, आणि पुढच्याच महिन्यांत डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिचा अहवाल 2011 सालीं सादर झाला. कोठें काय राखावें याचा विचार ग्रामसभांतून व्हावा, हा त्यांतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. पण आपली शेती व घरबांधणी बंद होईल या धास्तीनें घाटांतील पुष्कळ गांवें बिथरलीं. ही धास्ती हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. अहवाल लोकांच्या भाषेंत लोकांपर्यंत वेळेवर पोंचला नाहीं, हें तिचें एक मोठें कारण होय. पुढें 2013 सालीं कस्तुरीरंगन समितीनें राखावयाचें क्षेत्र बरेंच कमी केलें. आणि 2024 च्या जुलैंत सरकारी अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला!

आतां सायकलीकडे वळूं. कोल्हापुराहून मलकापुरावरून आंब्यास मोटारीनें जाणारा प्रवासी घाटांत डोळे मिटून घेतो. सायकलस्वारास तसें करतां येत नाहीं. चढणीवर धाप लागते, उतरून सायकल हातीं धरावी लागते, आणि तेवढ्यांत बाजूच्या ओहोळाचा आवाज कानीं पडतो. आंब्याचा माथा म्हणजे पाणलोटाची सीमा. पूर्व उतारावरील पाणी कडवी व वारणा या नद्यांतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जातें. पश्चिमेकडील पाणी काजळी नदीनें रत्नागिरीजवळ अरबी समुद्रास मिळतें. मधल्या रानांत पाचोळ्याचा थर असतो. तो पावसाचा मारा सोसतो, पाणी अडवितो, सावकाश जमिनींत मुरूं देतो; म्हणूनच पावसाळा सरला तरी झरे वाहत राहतात. पाचोळा गेला कीं तेंच पाणी माती घेऊन धांवत सुटतें, आणि फाल्गुनांत आयाबहिणींस घागर घेऊन दूर जावें लागतें.

तेव्हां ज्या मुलांस सुटींत वडिलांच्या संमतीनें चौघांपांचांनीं मिळून सायकलीवर जावयाचें असेल, त्यांनीं फलकांबरोबर एक वहीही न्यावी. प्रत्येक वाडीवर थांबून तीन रकाने भरावे: झऱ्याचें नांव, तो यंदा कोणत्या महिन्यांत आटला, आणि वाडींतील सर्वांत वृद्ध आजीच्या लहानपणीं तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे. भरलेल्या वह्या जून महिन्यांत भूगोलाच्या तासास आणाव्या.